धाकटीने राखून ठेवलेलं उत्तर

आमच्या भांडणाची वेळ ठरलेली होती. सकाळची गर्दी ओसरली, फरशी धुऊन झाली, की मी आणि धाकटी समोरासमोर यायचो. समोरच्या शिंप्याला याची इतकी सवय झाली होती, की तो त्या वेळेला मशीन थांबवून कात्री हातात घेऊन दारात यायचा आणि कापड न्याहाळल्यासारखं करत आमचं ऐकायचा. जावा जावा आणि उभा दावा, असं ज्याने कोणी म्हणून ठेवलंय, त्याने आमचं दुकान पाहिलेलं असणार.

दुकान मटणाचं. सासऱ्यांनी उभं केलेलं, दोघा भावांनी चालवलेलं. आमचे हे पहाटे बाजारात जाऊन मेंढ्या पारखून आणत. भाऊजी, म्हणजे माझा धाकटा दीर, खानावळींना माल पोचवत. गल्ल्यावर राहायचो आम्ही दोघी जावा. सत्तूर तिच्या हातात, तराजू माझ्या. ती अशा सफाईने तोडायची की तुकड्यात हाडाचा चुरा सापडायचा नाही. मी मरेन पण हे तिच्या तोंडावर बोलणार नाही, असं मी ठरवलेलं होतं. तीही काही कमी नव्हती. एरवी मला ताई म्हणायची, पण "अहो जाऊबाई" असं सुरू झालं की शिंपी मशीनवरून उठलाच म्हणून समजावं.

भांडणाला विषय लागायचाच असं नाही. पण हुकमी विषय एकच होता, मुकादम.

मुकादम म्हणजे कुत्रा. धाकटी लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या वर्षी हे पिल्लू मागच्या अंगणात येऊन बसलं. दिवसभर दाराच्या चौकटीत बसून सगळ्यांच्या कामावर नजर ठेवायचं, स्वतः काडीचं काम करायचं नाही, म्हणून मुकादम. मी पहिल्या दिवसापासून त्याच्या विरोधात होते. खाण्याच्या वस्तूंच्या दुकानात कुत्रं कशाला? पण धाकटीने त्याला जीव लावला. मांडीवर घ्यायची, त्याचं डोकं छातीशी धरायची, तोंड चाटू द्यायची. आणि त्याच हाताने भाकर मोडायची.

"अगं, हात धू! त्याच्या तोंडाला तोंड लावतेस, उद्या काहीतरी होऊन बसेल!"

"अहो जाऊबाई, तो तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे. निदान तो कुणाची उणीदुणी तरी चघळत नाही."

शिंपी हसायचा. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मुकादमाला खायला मीच घालायचे. माल निवडायचं काम माझं. कलेजी, फुप्फुसं सगळी माझ्या हाताखालून जायची. एखाद्या कलेजीत पाण्याने भरलेल्या पांढऱ्या पिशव्या निघतात, कधी सुपारीएवढ्या, कधी लिंबाएवढ्या. तसा माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हा सासऱ्यांचा दंडक. आणि उकिरड्यावरही टाकायचा नाही, कारण मुक्या जिवाच्या तोंडचा घास कचऱ्यात घालू नये, हाही त्यांचाच. म्हणून तसली कलेजी मी मागच्या दाराशी नेऊन मुकादमाला घालायचे. तो माझ्या पायाशी येऊन शेपूट हलवायचा, खायचा, मिशा चाटायचा आणि प्रेम करायला धाकटीकडे निघून जायचा. मला त्याचा राग यायचा. मुकादम म्हातारा होऊन गेला तेव्हा धाकटी दुकानात सगळ्यांसमोर रडली. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

त्यानंतर काही वर्षांनी धाकटीच्या छातीत धडधडायला लागलं. जिना चढली की दम लागायचा. मी म्हटलं, वजन वाढलंय तुझं, दुसरं काही नाही. ती म्हणाली, तुमची सावली पडली असेल अंगावर. मग एक दिवस सत्तूर वर उचलला आणि तसाच तिच्या हातातून गळून पडला. पाठोपाठ तीही. फरशी ओली होती, मी गुडघ्यांवर घसरत तिच्यापाशी पोचले. तिचा चेहरा मेणासारखा पांढरा झाला होता. डोळे उघडून पहिलं काय बोलली, तर, "सत्तुराची धार बघा हो, गेली असेल."

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीवर यंत्र फिरवलं. पडद्यावर हृदय उघडमीट करत होतं. त्याच्या भिंतीत एक काळा गोल दिसत होता आणि त्या गोलात आणखी छोटे गोल. बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि समजावून सांगितलं. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याची अंडी कुत्र्याच्या केसांना, तोंडाला लागतात. तिथून माणसाच्या हाताला आणि हातातून पोटात. माणसाच्या अंगात त्याची पाण्याची पिशवी तयार होते. बहुतेकदा ती यकृतात होते, नाहीतर फुप्फुसात. हजारांत एखाद्याच्या हृदयात जाऊन बसते. वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि माणसाला पत्ताही नसतो.

"घरात कुत्रं होतं का?" बाईंनी विचारलं.

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की मी खरी ठरले. इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगत होते, ते खरं ठरलं. दुसऱ्याच क्षणी मला स्वतःची इतकी किळस आली की मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"होता," धाकटी म्हणाली. "फार गुणी होता."

पिशवी काढावी लागणार होती. पण आधी काही आठवडे गोळ्या, म्हणजे आतला जंत कमजोर पडेल, मग ऑपरेशन. तोपर्यंत ती फुटता कामा नये. फुटली तर आतलं पाणी थेट रक्तात जाईल आणि माणूस उभ्या उभ्या जाऊ शकतो. म्हणून जड उचलायचं नाही, पडायचं नाही, धावायचं नाही. "आणि चिडचिड, आरडाओरडा अजिबात नको," बाई म्हणाल्या. मला त्यांनी चिठ्ठी देऊन खाली गोळ्या आणायला पाठवलं. मी गोळ्या घेऊन वर आले तेव्हा दोघी बोलायच्या थांबल्या. धाकटी पदराशी चाळा करत बसली होती. मला वाटलं, रडली असेल.

घरी आल्यावर मी सगळ्यांना तंबी दिली. आमचे हे जन्मात हळू बोलले नव्हते, ते कुजबुजायला लागले. भाऊजी चपला हातात घेऊन जिना चढायचे. मुलं शिकायला बाहेर होती, त्यांना फोनवर सांगितलं की काकूला हसवायचं नाही, रडवायचं तर नाहीच. आणि मी? मी मूग गिळून बसले. नुसती बसले नाही, गोड बोलायला लागले.

"बस गं तू. मी करते."

"चहा देऊ का गं?"

"तुला बरं वाटतंय ना?"

धाकटी अशी बघायची जणू मी तिच्या ताटात माती वाढली आहे. एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही असं बोलायला लागलात की मला वाटतं, मला कुणीतरी आत्ताच तिरडीवर बांधलंय."

"असं बोलू नये गं," मी म्हणाले. पूर्वी याच वाक्यावर मी तिला चांगली अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल एवढी झापली असती.

सत्तूर आता माझ्या हातात आला आणि तराजू तिच्याकडे. ती खुर्चीवर बसून मापं टाकायची आणि मी तोडायचे. हाडांचा चुरा उडत होता, तुकडे वेडेवाकडे होत होते. गिऱ्हाइकं तोंड वाकडं करत, पण तिच्याकडे बघून गप्प बसत. ती माझे हात बघायची, ओठ दाताखाली धरायची. न बोलता बसणं तिला किती जड जात होतं हे मला दिसत होतं, कारण मलाही तितकंच जड जात होतं. फरशी धुऊन झाली की आम्ही दोघी समोरासमोर यायचो आणि काय बोलायचं ते सुचायचं नाही. लोकांची घरं शांततेने भरतात म्हणे. आमचं ओस पडलं.

शिंपी पहिले काही दिवस सवयीने दारात आला. मग एकदा रस्ता ओलांडून आला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, तुमचं वाटणीबिटणीचं काही बिनसलं का?" इतक्या वर्षांत आम्ही भांडत होतो तेव्हा त्याला कधी काळजी वाटली नव्हती.

एका सकाळी कलेजी निवडताना पुन्हा तसली पिशवी निघाली. चांगली लिंबाएवढी, पांढरी, टरटरून भरलेली. बोटाने दाबली तर आत पाणी हललेलं कळत होतं. मी ती हातात घेऊन उभी राहिले. हेच, असंच काहीतरी धाकटीच्या छातीत आहे आणि प्रत्येक ठोक्याला हलतंय, हे मनात आलं. मेंढीच्या पोटातल्या पिशवीचा माणसाच्या पिशवीशी काही संबंध असेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही, की मी येऊ दिलं नाही, कोण जाणे. मी सवयीने मागच्या दाराकडे निघाले. मुकादम गेला तरी गल्लीतली दोन कुत्री तिथे वाट बघत असायची.

"घालू नका," धाकटी खुर्चीवरून म्हणाली.

"का गं?"

"जाळा ते."

"अगं, मामंजींचा दंडक..."

"वास येतो हो ताई. मला मळमळतं. जाळा."

पूर्वी मी ऐकलं असतं होय! अंगणापासून खुर्चीपर्यंत कसला डोंबलाचा वास, असं म्हणून सासऱ्यांच्या साती पिढ्या तिच्यासमोर उभ्या केल्या असत्या. पण मी "बरं गं" म्हटलं, जुन्या पत्र्याच्या पिंपात लाकडं पेटवली आणि कलेजी जाळली. त्या दिवसापासून ती रोज विचारायची, "आज निघालं का? जाळलंत का?" माझ्या शब्दावर विश्वास न ठेवता भिंत धरत धरत मागे येऊन पिंपात डोकावायची. तिचा हट्ट म्हणून मी पुरवत राहिले. गल्लीतल्या कुत्र्यांना मी उरलेली भाकर घालायला लागले.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी तिच्या खाटेशी बसले होते. भाऊजींना जबरदस्तीने जेवायला पाठवलं होतं. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. तिची वेणी मी घातली. केस केवढे पातळ झाले होते. वेणी घालताना तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं, म्हणूनच बहुतेक ती बोलली.

"ताई, एकदा म्हणून टाका."

"काय म्हणू?"

"तुमच्या ओठांवर आहे ते. त्या दिवशी बाईंनी कुत्र्याचं विचारलं तेव्हापासून आहे. 'मी सांगत होते' म्हणून."

माझा हात वेणीत अडकला. "मी नाही म्हणणार."

"म्हणा हो. मला बरं वाटेल. आपलं काहीतरी आपल्यासारखं होऊ दे."

"डॉक्टरांनी भांडायला मनाई केलीय."

"भांडण कुठे, तुम्ही नुसतं म्हणायचं. मी गप्प ऐकते. असा योग पुन्हा येणार नाही."

मी आवाज कडक केला. "हे बघ, उगाच लाडात येऊ नकोस. आधी बरी होऊन घरी ये. मग दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणते, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. शिंप्याला खुर्ची देते बसायला."

तिला हसू आलं. हसायचं नव्हतं, म्हणून तिने उशी छातीशी धरून ते दाबलं. मग म्हणाली, "कबूल. पण मग माझंही ऐकावं लागेल. माझ्याकडे एक उत्तर आहे. असं आहे, की तुमची बोलती बंद होईल. राखून ठेवलंय."

"कसलं उत्तर?"

"आत्ता नाही. घरी आल्यावर."

"सांग की गं."

"नाही हो जाऊबाई," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिने मला जाऊबाई म्हटलं. मी वेणीला गाठ मारली आणि तिला दिसू नये म्हणून बराच वेळ तिच्या पाठीमागेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. आम्ही तिघं बाकावर बसलो. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा चष्मा डोक्यावर नव्हता, हातात होता. पिशवी निघाली, म्हणाल्या. न फुटता, अख्खी निघाली. पण तिने हृदयाची भिंत आतून कागदासारखी पातळ करून टाकली होती. शिवलेलं हृदय पुन्हा चालू केलं, ते थोडं चाललं, थांबलं, पुन्हा चाललं आणि मग चाललंच नाही. भाऊजी नुसते मान हलवत राहिले. मी बाईंना विचारलं, "तिने काही म्हटलं का?" वेड्यासारखा प्रश्न. भूल दिलेलं माणूस काय म्हणणार?

तिला घरी आणलं, पोचवलं, नातेवाईक आले आणि गेले. येणारी प्रत्येक बाई मला सांगायची, "किती सांभाळलंत हो तिला, शेवटी शेवटी तर आवाजही चढवला नाहीत." मला वाटायचं, त्यांना एकेकीला दाराबाहेर काढावं. शेवटचे ते आठवडे आमचे नव्हतेच. कुणा दोन परक्या, सभ्य बायकांचे होते.

दुकान पुन्हा उघडल्यावर दवाखान्यातून निरोप आला. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावं. आम्ही गेलो. कुणाच्याच अंगात काही निघालं नाही. निघताना मी दारातून परत फिरले आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "कुत्र्यामुळे झालं हे कळलं. पण कुत्र्याला तरी हे कुठून होतं?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"कुणी?"

"तुमच्या जाऊबाईंनी. पहिल्याच दिवशी बोलणं झालं होतं आमचं. तुम्ही गोळ्या आणायला गेला होतात." बाईंनी मला खुर्ची दिली, पण मी बसले नाही. "मेंढीच्या कलेजीत तशाच पिशव्या असतात. ती कलेजी कुत्र्याने खाल्ली की त्याच्या पोटात जंत होतो. तुमचं दुकान कसलं ते कळल्यावर मी त्यांना विचारलं, खराब कलेजीचं काय करता? त्या पदराशी चाळा करायला लागल्या. मग म्हणाल्या, आजपासून जाळू. मी म्हटलं, घरी सगळ्यांना नीट समजावून सांगते. तर म्हणाल्या, माझ्या जावेला तुम्ही नका सांगू. ते आमच्या दोघींतलं आहे, मी बघते."

मी कशी घरी आले ते मला आठवत नाही. म्हणजे तिला ठाऊक होतं. कुत्रा प्रेम करायला तिच्याकडे जायचा, पण खाऊन जायचा तो माझ्या हातून. इतकी वर्षं ज्याच्यावरून मी तिला बोलले, त्याच्या तोंडात ते मी घातलं होतं, माझ्या या हातांनी, रोज सकाळी, आणि वर पुण्य केल्याच्या तोऱ्यात. तिच्याकडे माझा एका वाक्यात निकाल लावील असं उत्तर होतं. ते ओठांवर घेऊन ती खुर्चीवर बसायची, माझं गोडगोड बोलणं ऐकायची आणि फक्त, वास येतो, जाळा, एवढंच म्हणायची. बरी होऊन आली असती तर पायरीवर उभी राहून म्हणाली असती, कंबरेवर हात ठेवून, हसत. आणि मग मला ते सोसलंही असतं, कारण म्हणणारी समोर असती. पण ती परत आलीच नाही आणि ते वाक्य मागे राहिलं तर माझं काय होईल, हे तिला कळत होतं. म्हणूनच तिने ते त्या दुपारीही काढलं नाही.

परवा पुन्हा तसली कलेजी निघाली. मी पिंपात लाकडं रचली, ती पूर्ण जळेपर्यंत उभी राहिले. मग पुढे आले, फरशी धुतली. आमची वेळ झाली होती. मी हात पुसले आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. समोर मशीन थांबलं. शिंपी कात्री हातात घेऊन दारात आला.

मी तिला शब्द दिला होता. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणेन म्हणून. मी श्वास घेतला, तोंड उघडलं, पण 'मी सांगत होते' हे शब्द निघेचनात. निघालं ते तिचं वाक्य, तिच्याच हेलात, माझ्याच फाटक्या आवाजात.

"आणि त्याला खायला कोण घालत होतं हो, जाऊबाई?"

शिंपी मान खाली घालून आत गेला आणि त्याच्या मशीनचा आवाज सुरू झाला.